वॉल्टदादा, तुमच्या पेटीवर झेंडा का नव्हता

वॉल्टदादा,

शुक्रवारी चर्चमध्ये तुमचं शेवटचं दर्शन घ्यायला आम्ही रांगेत उभे होतो. माझ्या मागे इथल्या आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, कुलकर्णी डॉक्टर होते. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "शंकरराव, पेटीवर झेंडा कसा नाही? इथे वॉरमध्ये गेलेल्यांच्या पेटीवर असतो ना?"

मी म्हणालो, "घरच्यांनी नको म्हटलं."

तुमची लेक कॅरल दोन हातांच्या अंतरावर उभी होती, रडून नाक लाल झालेलं. तिनं असलं काही म्हटलं नव्हतं. झेंडा नव्हता, कारण तुम्ही कधी सैन्यात गेलाच नव्हता. हे मला माहीत होतं. तुमच्या उशाशी, तुमच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभं राहून मी पुन्हा खोटं बोललो.

पुन्हा म्हणतो, कारण पहिल्यांदा बोललो ते तुमच्या देखत, तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत. आता नीलाताईंनी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. मथळाही त्यांनीच दिला होता, 'युद्धवीर मित्रास निरोप'. तो मी खोडला. नीलाताई, माझ्या वेलांट्या सुधारा, वाक्यं मात्र सुधारू नका.

समोर असताना तुम्हाला नुसतं वॉल्ट म्हणायचो. इथली रीतच तशी. पण मराठीत लिहायला बसलो तर हात धजत नाही. म्हणून दादा.

पहिला दिवस आठवतो का? हायस्कूलच्या जिमखान्यात तुम्ही फरशी घासायचं मशीन चालवत होतात आणि मी कामाला लागायला आलो होतो. ऐंशी सालचा हिवाळा. बायको, सुशीला, इथे नर्स म्हणून आली, तिच्या मागून मी. अंगावर मेव्हण्याचा कोट, खिशात चार वाक्यं इंग्रजी. मशीन एवढं घरघरत होतं की काही ऐकू येईना. तुम्ही ते बंद न करताच माझ्या ओठांकडे बघितलंत आणि मान हलवलीत. मी मनात म्हटलं, हा तर आपल्यातला!

कारण मी इचलकरंजीचा. सातवी झाली, वडिलांनी दप्तर खुंटीला लावलं आणि मला मागावर उभं केलं. यंत्रमागाच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. आम्ही ओठ वाचतो, हातानं बोलतो. चहा, कांडी, मुकादम आला, सगळ्याला खुणा. माणसाचा कोणता कान गेलाय हे मी त्याच्या मानेवरून सांगतो. तुमचा डावा. दुपारी डबा खाताना मी नुसतं डाव्या कानाला बोट लावलं, आणि तुम्ही हसायला लागलात. "आठ वर्षं इथला प्रिन्सिपॉल मला घमेंडखोर समजतो, शँक, आणि तुला चार तासांत कळलं!"

त्याच दुपारी तुम्ही विचारलंत, शाळा किती? मी सात बोटं दाखवली. तुम्ही म्हणालात, "बरं. बादल्या त्या कोपऱ्यात असतात." एवढंच. माझी सात बोटं बघून चेहरा न बदललेले तुम्ही एकटे. बायकोचाही बदलला होता, लग्नाआधी.

मंडळात मात्र मी बी.कॉम. होतो. पहिल्याच पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी सहज विचारलं, "तुम्ही काय केलंत?" समोर सगळे डॉक्टर, इंजिनिअर, हातात कागदी प्लेटा. तोंडातून निघून गेलं, "बी.कॉम., सांगली." आणि नोकरी? "स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये मेंटेनन्स बघतो." खोटं नाही म्हणा. बघतोच की, बादलीत बघतो. त्यानंतर दर कार्यक्रमात कुणी सांगलीचा भेटला की मी वाढपाला पळायचो.

तुमचं खेळणं मला तुम्ही तुकड्यातुकड्यांनी सांगितलंत, सामानाच्या खोलीत, हेल्मेटांच्या वासात, सँडविच आणि भाकरीची अदलाबदल करत. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन वर्षांत इथल्या एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल संघात (इथला फुटबॉल, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा) तुम्ही सेंटर होतात. म्हणजे मधोमध वाकून पायांमधून चेंडू मागे टाकणारा गडी. चेंडू टाकला की समोरचा अंगावर येतो, आणि चेंडू घेऊन नाव कमावतो दुसराच. चांगले सगळे खेळाडू लढाईवर गेलेले. उरले सतरा वर्षांची पोरं आणि डॉक्टरनं नापास केलेले. एकाचे पाय सपाट, एकाला लांबचं दिसत नाही, आणि तुम्ही, डावा कान फुटलेला. "आम्ही उरलेसुरले, शँक," म्हणायचात. अठरा जण. बदली गडी नाही, म्हणून पूर्ण वेळ तेच खेळायचे.

कान नाही, तर इशारा कसा कळायचा? मी विचारलं तेव्हा तुम्ही सँडविच ठेवून तिथेच वाकून दाखवलंत, साठी उलटलेला माणूस. त्या काळच्या पद्धतीत चेंडू घेणारा चार-पाच पावलं मागे उभा असायचा, आणि सेंटर वाकून स्वतःच्या पायांमधून त्याच्याकडे बघायचा. बाकीचे आवाजावर निघायचे, तुम्ही बोटांवर. त्याची मूठ उघडली की चेंडू सोडायचा. आम्ही मागावर करायचो तेच की हो! मी टाळीच वाजवली.

मग तुम्ही म्हणालात, "वाकलं की मैदान उलटं दिसायचं. वर गवत, खाली आभाळ. रिकामी बाकं. आणि एका बाकावर बिलीची आई."

बिली तुमच्या आधीचा सेंटर. समुद्रापलीकडे गेला तो परत आला नाही. युद्धात कापड मिळेना, नवे शर्ट शिवेनात, म्हणून कोचनं त्याचाच नंबरचा शर्ट तुम्हाला दिला. कोपराला त्याच्या आईनं घातलेलं रफू होतं. ती दर सामन्याला यायची आणि तो नंबर बघत बसायची. तीन सीझन तुम्ही तिला उलटं बघितलंत. सुलटं बघायची, जवळ जाऊन दोन शब्द बोलायची हिंमत झाली नाही, म्हणालात. भरतीच्या दारात तुम्ही तीनदा जाऊन आला होतात, तीन वेगळ्या गावांत. तिथला डॉक्टर डाव्या बाजूनं हळूच आकडा बोलायचा आणि तुम्ही अंदाजानं भलताच सांगायचात. पण हे त्या आईला जाऊन कोण सांगणार?

युद्ध संपलं. मुलं परत आली. नवा कोच, नवी पद्धत. आता चेंडू घेणारा सेंटरला चिकटून मागे उभा राहायचा. बघायला वाव नाही, ओरडतो ते ऐकूनच चेंडू द्यायचा. बाकं तर काठोकाठ भरलेली, नुसता गजर. पहिल्याच सामन्यात तुमचा चेंडू दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकायच्या आत तुम्ही स्वतः बाहेर आलात, शर्ट धुऊन, घडी करून कोचच्या टेबलावर ठेवलात. "जागा त्यांचीच होती. मी फक्त ती थंड पडू दिली नाही." मी म्हणालो, तुम्ही खेळलात म्हणून संघ टिकला. तुम्ही मान हलवलीत. हा वाद आपला कधीच मिटला नाही. तुम्हाला वाटायचं, मित्र मरत होते तेव्हा मी चेंडू खेळत होतो. चाळीस वर्षं त्या कॉलेजच्या मेळाव्याची पत्रं यायची आणि तुम्ही ती न उघडता ड्रॉवरमध्ये टाकायचात.

आता ते लिहितो, ज्यासाठी बसलोय.

मंडळाला हॉल नव्हता. तुम्ही शाळेचं कॅफेटेरिया मिळवून दिलंत, दर दिवाळीला. स्वतः येऊन हीटर लावायचात. रांगोळीनं फरशी खराब होईल म्हणून आम्ही घाबरलो, तर म्हणालात, "मी पुसतो की." म्हणून दोन वर्षांपूर्वी ठरलं, तुमचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. नीलाताई मला म्हणाल्या, "शंकरराव, परिचय तुम्ही करून द्या. पाच मिनिटं, ओके? लास्ट इयर पाहुण्यांनी तासभर बोर केलं, यार." आणि वहीत लिहिता लिहिता विचारलं, "वॉरमध्ये होते ना ते? त्या एजचे सगळेच होते."

मी म्हणालो, "हो."

एवढाच तो शब्द. का म्हणालो? खरा परिचय मला फार किरकोळ वाटला. शाळेचा झाडूवाला, जरा बरा खेळायचा, लढाईला गेला नाही. असल्या माणसाला शाल? आणि असला माणूस माझा दोस्त? लोक म्हणतील, जोडी बरी जमली. खरं सांगायचं तर मी तुम्हाला मोठं केलं नाही. तुमच्या आडोशाला मी उंच झालो.

त्या दुपारी मी मराठीत परिचय करून दिला. "ज्यांनी मैदान गाजवलं आणि रणांगणही!" तुम्ही काही न कळून हसत होतात. डॉक्टरांनी शाल घातली, हातात नारळ दिला. तुम्ही तो दोन्ही हातांत फिरवून बघितलात, मागे वळून डॉक्टरांना "रेडी?" म्हणालात, आणि वाकून पायांमधून असा उडवलात की डॉक्टरांनी तो पोटावर झेलला. चष्मा गेला टेबलाखाली. कुणाची तरी गावाहून आलेली आई ओरडली, "अगं बाई, श्रीफळ आहे ते!" सगळं कॅफेटेरिया हसत होतं. पोरं "अगेन! अगेन!" करत होती. तिथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण डॉक्टर इंग्रजीत बोलले. या सैनिकाचे जगावर उपकार आहेत, वगैरे. तुमचं हसू उतरताना मी बघितलं. तुम्ही माइक घेतलात.

"तुम्ही फार चांगले आहात," म्हणालात. "पण इथे एक चूक झालीय. मी लढाईवर गेलो नव्हतो. हा कान. तीनदा गेलो, तीनदा परत पाठवलं. मित्र गेले, मी खेळत राहिलो. अंगात शर्टसुद्धा मेलेल्या पोराचा होता. हे मला सांगितलंच पाहिजे."

समोर साठ-सत्तर माणसं. इंग्रजी सगळ्यांनाच येतं. आता डोकी माझ्याकडे वळणार, हे मला दिसलं. याचं हे खोटं, तर याचं आणखी काय काय खोटं असेल? मी माइक तुमच्या हातातून घेतला, अक्षरशः ओढला, आणि मराठीत म्हणालो, "मंडळी, बघितलंत? खरा वीर कधी स्वतःच्या तोंडानं सांगतो का? गेलेल्या मित्रांना पुढे करायचं आणि आपण मागे राहायचं, हा यांचा विनय!"

आपल्या लोकांना विनय लगेच पटतो. टाळ्या सुरू झाल्या. डॉक्टर उभे राहिले, मग पहिली रांग, मग सगळेच.

तुम्ही उजवा कान माझ्याकडे केलात. "काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्ही म्हणालात तेच," मी म्हणालो. "मराठीत."

तुम्ही त्या उभ्या लोकांकडे बघत राहिलात. नंतर तुमच्या ट्रकमधून आपण निघालो, मागे घड्या घातलेली टेबलं, तुमच्या खांद्यावर शाल तशीच. पेट्रोल पंपाशी तुम्ही ट्रक बाजूला घेतलात आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलात. "शँक, चाळीस वर्षांत मोठ्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि बघ. उभे राहिले. खरं ऐकून उभे राहिले."

तेव्हा सांगायचं होतं. ट्रक उभा होता, मशीन बंद होतं, तुमचा चांगला कान माझ्या बाजूला होता. मी काय केलं? पाठीवर हात ठेवला.

घरी सुशीला भांडी विसळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही काय बोललात ते मला दोन्ही भाषांत कळलं." आठवडाभर तिनं मला डबा भरून दिला नाही. तुम्ही रोज अर्धं सँडविच दिलंत आणि विचारलंही नाहीत.

सोमवारपासून तुमचं एकच टुमणं सुरू झालं. "आता तुझी पाळी. सांग त्यांना. सातवी म्हणजे काय गुन्हा आहे? माझ्यासाठी उभे राहिले, तुझ्यासाठी राहणार नाहीत?" मी म्हणायचो, आमच्यात तसं नसतं. "तेच लोक आहेत, शँक!" मी म्हणायचो, वेगळं आहे ते. "कसं वेगळं?" मला उत्तर माहीत होतं. ते खऱ्यासाठी उभे राहिलेच नव्हते. पण ते सांगितलं असतं, तर तुमची ती एक दुपार मी परत घेतली असती. म्हणून मी भित्रा ठरणं पत्करलं. मोठा त्याग केला असं नका समजू. भित्रा तर मी होतोच. मोठ्यांच्या शाळेत तुम्ही माझं नाव घातलंत, तिथे मी दोन दिवस गेलो. मंडळातलं कुणी भेटेल या धास्तीनं तिसऱ्या दिवशी पार्किंगमधूनच परत फिरलो. तुम्हाला सांगितलं, गुडघा दुखतो.

त्या पुढच्या शरद ऋतूत तुम्ही ड्रॉवरमधलं पत्र उघडलंत आणि मेळाव्याला गेलात. परत आलात ते शीळ घालत. जेवणाच्या टेबलावर तुम्ही म्हणे उभे राहून सगळं बोललात. कान, शर्ट, बिलीची आई. लढाईवरून परतून तुमची जागा घेतलेला सेंटर समोरच बसला होता. तो म्हणाला, "वॉल्ट, आम्हाला काय माहीत नाही होय? बस. सूप निवतंय." हे सांगताना तुम्ही इतके हसलात की खोकला आला. "बस म्हणाला, शँक! नुसतं, बस!"

मी स्वतःची समजूत घातली. बघा, माझ्या खोट्यातून चांगलंच झालं. सुशीलेला तसं बोललोही. ती म्हणाली, "पाणी टोचून पेशंट बरा झाला, म्हणून पाणी टोचणारा डॉक्टर होत नाही."

तुम्हाला कधी कळलं होतं का, वॉल्टदादा? ओठ वाचणारा माणूस. भाषा कळली नसेल, पण चेहरा? मी मागावर भाषेशिवायच तर माणसं ओळखायचो. तुम्ही ओळखलं असेल आणि तरी रडला असाल, तर तुमच्यासमोर मान वर करायची सोय उरली नाही. ओळखलं नसेल, तर त्याहून नाही. शेवटच्या बुधवारी तुम्ही डबा संपवून जरा थांबलात, म्हणालात, "शँक, एक गोष्ट..." आणि घंटा झाली, पोरं आत घुसली. "उद्या," म्हणालात. उद्या सकाळी तुम्ही दारातला बर्फ ओढायला गेलात, ते परत आत आला नाहीत.

काल कॅरल घरी येऊन एक कागदी पिशवी देऊन गेली. "डॅडच्या फळीवरचा हा. याचं काय करायचं मला खरंच कळत नाही." आत तो नारळ. फोडून खायचा असतो, मी तुम्हाला दहादा सांगितलं होतं. तुम्ही म्हणायचात, "ट्रॉफी कुणी खातं का?" सामानाच्या खोलीत पोरांच्या ढीगभर कपांच्या वर तो ठेवला होतात. तीन सीझनमध्ये तुम्हाला एकही ट्रॉफी मिळाली नव्हती. ही एक मिळाली, तीही मी खोटं बोलून. वाळून आतला गोटा सुटा झालाय. हलवला की वाजतो. तुम्ही तो कधीकधी चांगल्या कानाशी धरून हलवायचात.

तर मंडळी, आता तुम्हालाच सांगतो. वॉल्टदादा युद्धावर गेले नव्हते. त्या दुपारी माइकवर ते बोलले ते अक्षर न अक्षर खरं होतं. मी बोललो ते नव्हतं. डॉक्टर, घरच्यांनी झेंडा नको म्हटलं नव्हतं. आणि मी बी.कॉम. नाही. सातवी, नगरपालिकेची शाळा, इचलकरंजी. शाळेत फरश्या पुसतो. त्या छान पुसतो, हे मला वॉल्टदादांनी शिकवलं.

दादा, किल्ल्या आता माझ्याकडे आल्या आहेत. या दिवाळीलाही हीटर मीच लावीन, खुर्च्या मांडीन, आणि हा नारळ फोडून खोबरं वाटीन. कुणी घेतलं नाही तर घरी आणीन. टाळ्या नकोत, कुणी उभंही राहू नये. मीच उभा असेन, वाढपाच्या टेबलामागे, सवयीनं. एखाद्यानं पान घेता घेता नुसतं म्हणावं, "शंकर, बस. जेवण निवतंय."

नाही म्हणालं कुणी, तरी बसेन. तुमच्या उजव्या बाजूची खुर्ची.

तुमचा,
शंकर
(सातवी पास)